धावपटूंमधील उदकक्षय : आपल्या नाडीपरीक्षेला तराजूची जोड हवी

समर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान म्हणून जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातील गाव महाराष्ट्राला परिचित आहे. इ. स. १६०८ मधील रामनवमीस समर्थांचा जन्म येथे झाला. बलोपासनेचा संदेश देत गावोगावी मारुतीची स्थापना करणाऱ्या या महापुरुषाच्या गावी आजही पहाटे फटफटण्यापूर्वी रस्त्यावर पावलांचा आवाज ऐकू येतो. पोलीस भरती, सैन्यभरती, शालेय व विद्यापीठीय स्पर्धा आणि अलीकडे शहरोशहरी होणाऱ्या मॅरेथॉन शर्यती यांसाठी तयारी करणारी ही ग्रामीण मुले-मुली आहेत. त्यांच्यापाशी प्रशिक्षक नाही, क्रीडावैद्यक नाही, धावमार्ग म्हणजे डांबरी रस्ता आणि चिकित्सक म्हणजे गावातील आपण वैद्यमंडळी व कोपऱ्यावरील औषधालय. म्हणूनच प्रस्तुत विषय मोठ्या शहरातील क्रीडासंकुलांचा नसून आपल्या दाराशी आलेला आहे, असे आमचे मत आहे.

मराठवाड्यातील चैत्र-वैशाखाचा दाह आपणांस नव्याने सांगावयास नको. जालना जिल्ह्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणे ही उन्हाळ्यातील नित्याची बाब आहे. अशा काळात दीर्घकाळ धावणाऱ्याच्या शरीरातून घामावाटे किती जल गेले, ते आता धोक्याच्या पातळीवर आले आहे काय, आणि हे सारे सुई न टोचता, रक्त न काढता ओळखता येईल काय, हा प्रश्न आम्ही येथे मांडू इच्छितो. त्याचबरोबर या बाबतीत आपल्या व्यवसायबंधूंच्या सवयींविषयी थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञाही घेऊ इच्छितो.

एक चूक, आमचीच

प्रारंभ स्वतःच्या चुकीपासून करणे उचित होय. काही वर्षांपूर्वी परिसरातील एक होतकरू तरुण प्रथमच पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावण्यास निघाला. निघण्यापूर्वी तो आमच्याकडे आला. आम्ही नाडी पाहिली, प्रकृती वातपित्तप्रधान ठरविली आणि अत्यंत आत्मविश्वासाने सल्ला दिला, "बाबा रे, पाणी कमी पडू देऊ नकोस. तहान लागो न लागो, प्रत्येक ठिकाणी पीत जा." मुलगा आज्ञाधारक होता. त्याने अक्षरशः तसेच केले. तो संथ गतीने धावत असल्याने प्रत्येक पाणपोईवर थांबण्यास त्याला भरपूर वेळ मिळाला. शर्यत संपेतो त्याची बोटे सुजून अंगठी रुतली होती, डोके ठणकत होते, उलट्या सुरू झाल्या होत्या आणि तो असंबद्ध बोलू लागला होता. सोबतच्या मित्राने "याला पाणी कमी पडले" असे समजून आणखी पाणी पाजण्याची तयारी केली. सुदैवाने तेथील एका तरुण डॉक्टरांनी प्रथम त्याला वजनकाट्यावर उभे केले. वजन शर्यतीपूर्वीच्या नोंदीपेक्षा घटलेले नव्हते, उलट वाढले होते! तत्काळ रुग्णालयात हलविल्याने तो वाचला. रक्तातील सोडियम घसरले होते. पाण्याचा अभाव नव्हे, तर पाण्याचा अतिरेक झाला होता.

त्या दिवशी एका साध्या तराजूने जे सांगितले, ते आमचा सल्ला सांगू शकला नव्हता. ही खंत मनात घेऊनच हा लेख लिहीत आहोत.

हा प्रकार अपवादात्मक समजू नये. इ. स. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम सामान्य मर्यादेखाली गेल्याचे आढळले व तिघांची पातळी अतिगंभीर होती. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. शर्यतीदरम्यान वजन वाढणे हे या विकाराचे सर्वांत बोलके चिन्ह ठरले. म्हणजे उदकक्षय व उदकवृद्धी या दोन परस्परविरोधी अवस्थांत डोकेदुखी, मळमळ, भोवळ व थकवा ही लक्षणे समान असू शकतात आणि चिकित्सा मात्र नेमकी उलट असते. येथे निदानाची चूक ही केवळ विद्वत्तेची चूक राहत नाही, ती जिवावर बेतते.

शास्त्रकारांनी काय सांगून ठेवले आहे

आपल्या संहितांकडे वळले असता या विषयाची बैठक तेथे भक्कम असल्याचे दिसते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात उदकवह स्रोतसाचे मूळ तालू व क्लोम सांगितले आहे. जिव्हा, तालू, ओठ व कंठ यांचा शोष आणि अतिप्रवृद्ध तृष्णा ही त्याच्या दुष्टीची लक्षणे होत. दुष्टीच्या कारणांत उष्णता, अतिशुष्क अन्न यांसोबत तृष्णेचा अवरोध करणे हेही कारण नमूद आहे. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात मूत्रक्षयाचे वर्णन करताना मूत्रकष्ट, मूत्राचा वर्ण पालटणे, पिपासा व मुखशोष असे सांगितले आहे. त्याच अध्यायात रसक्षय झालेल्या व्यक्तीस अल्प श्रमानेही हृदयात धडधड होते, मोठा आवाज सहन होत नाही, असे म्हटले आहे. शर्यतीनंतर सावलीत बसविलेल्या थकलेल्या धावपटूस ज्याने पाहिले आहे, त्यास हे वर्णन ग्रंथातील न वाटता प्रत्यक्षातील वाटेल.

व्यायामाविषयी तर आचार्यांनी अर्धशक्तीची मर्यादाच घालून दिली आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि मुखास कोरड पडणे, ही बलार्धाची खूण होय. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य वा अत्यल्प सांगितला आहे आणि अतिव्यायामाच्या परिणामांत तृष्णेचा उल्लेख आहे. स्पर्धेत उतरणारा धावपटू ही मर्यादा ओलांडणार, हे उघड आहे. किंबहुना ती ओलांडणे हेच त्याचे ध्येय असते. त्यामुळे त्याला केवळ "अर्धशक्ती व्यायाम कर" असा उपदेश करून आपली सुटका होत नाही. मर्यादा ओलांडल्यावर तो कोठे उभा आहे, हे मोजून सांगणे आपले कर्तव्य ठरते.

आणखी दोन गोष्टींकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिली गोष्ट अंजलिप्रमाणाची. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीरातील उदक दहा अंजली सांगितले आहे. परंतु अंजली कोणाची, तर ज्याची त्याची स्वतःची. मापाचा आधार व्यक्ती स्वतः आहे, कोणी सरासरी मनुष्य नव्हे. आधुनिक क्रीडावैद्यकही आज हेच सांगते की, प्रत्येक खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या नोंदीशी करावी, दुसऱ्याशी करू नये. दुसरी गोष्ट वेगांची. तृष्णा हा अधारणीय वेग आहे, तो रोखू नये. परंतु वाग्भटाचार्यांनी वेगांचे धारण व वेगांचे उदीरण, म्हणजे बळेच प्रवर्तन, या दोहोंनाही रोगाचे कारण मानले आहे. आम्ही त्या तरुणास दिलेला "तहान लागो न लागो" हा सल्ला या तत्त्वाच्या सरळसरळ विरुद्ध होता. २०१५ साली या विषयावर झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेनेही शर्यतीत तहानेनुसार पाणी पिण्याचीच शिफारस केली. ग्रंथ घरात असूनही आपण तो वाचत नाही, ही तक्रार आम्ही येथे प्रथम स्वतःविरुद्धच नोंदवितो.

अनुपद्रवी परीक्षांची पारख

आता रक्त न काढता करावयाच्या परीक्षांचा क्रमाने विचार करू.

पहिली व सर्वांत विश्वसनीय परीक्षा वजनाची. लागोपाठ तीन दिवस सकाळी, मलमूत्रविसर्जनानंतर, अल्प वस्त्रांनिशी, काही खाण्यापूर्वी घेतलेल्या वजनांची सरासरी ही त्या व्यक्तीची आधाररेषा मानावी. धावण्यापूर्वी व धावल्यानंतर घाम पुसून पुन्हा वजन घ्यावे. उदाहरणार्थ, ६० किलो वजनाचा धावपटू तासभर धावून ५८.६ किलो भरला व मध्यंतरी त्याने अर्धा लिटर पाणी प्यायले असेल, तर घटलेले १.४ किलो व प्यायलेले अर्धा लिटर मिळून त्याचा घाम सुमारे १.९ लिटर प्रतितास झाला आणि वजनातील घट सुमारे २.३ टक्के झाली. दोन टक्क्यांपेक्षा अधिक घट, विशेषतः उष्ण हवेत, कार्यक्षमता घटविणारी मानली जाते. दीर्घ शर्यतीत शरीरातील साठविलेले इंधनही जळत असल्याने वजनातील थोडी घट ही पाण्याची नसते, हेही ध्यानी ठेवावे. आणि वजन वाढले असेल तर ती धोक्याची घंटा समजावी.

दुसरी परीक्षा मूत्राची. योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत तिचे स्थान नाडीच्या खालोखाल आहे. अमेरिकन संशोधक लॉरेन्स आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी १९९४ साली मूत्रवर्णाची आठ छटांची पट्टी प्रसिद्ध केली. फिकट पिवळी छटा समाधानकारक, तर गडद पिवळ्या ते तपकिरी छटा उदकक्षयसूचक असा तिचा आशय आहे. याहून नेमके मापन विशिष्ट गुरुत्वाचे असते. ते १.०२० पेक्षा अधिक असल्यास उदकक्षय संभवतो, असे क्रीडावैद्यकातील मान्य मत आहे. त्यासाठी लागणारा हाताळण्याजोगा अपवर्तनमापी अथवा साध्या चाचणीपट्ट्या आपल्या चिकित्सालयात ठेवणे मुळीच अवघड नाही.

मात्र या परीक्षेलाही मर्यादा आहेत. सकाळचे प्रथम मूत्रच तुलनेस योग्य होय. धावून आल्यावर एकदम दोन तांबे पाणी प्यायलेल्याचे मूत्र शरीरात तूट असतानाही स्वच्छ दिसू शकते. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मूत्र गर्द पिवळे होते, बिटाने लालसर होते. अत्यंत श्रमानंतर मूत्र कोकमासारखे वा काळ्या चहासारखे झाले, तर तो केवळ उदकक्षय न मानता मांसधातूच्या विघटनाची व वृक्कांच्या धोक्याची सूचना मानून त्वरित रुग्णालयात पाठवावे.

आपल्या मोसंबी बागायतदारांस हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. बहार धरण्यासाठी बागेला ताण देणारा शेतकरी भर दुपारी कोमेजलेल्या पानांवरून निर्णय घेत नाही. दुपारी पान मलूल होतेच. रात्रभराच्या विश्रांतीनंतर पहाटेही पान उभे राहिले नाही, म्हणजे झाडाला खरोखर पाणी कमी आहे, हे तो जाणतो. धावपटूच्या बाबतीतही धावपळीच्या क्षणाच्या खुणेपेक्षा पहाटेची खूण अधिक सत्य सांगते.

तिसरी खूण तहानेची. वजन, मूत्र व तृष्णा या तिन्ही खुणा पहाटे एकत्र पाहाव्यात. एकच खूण विपरीत असेल तर उदकक्षयाची शक्यता असते, दोन असतील तर ती बळावते आणि तिन्ही असतील तर ती जवळजवळ निश्चित समजावी. ही त्रिसूत्री क्रीडावैद्यकात सर्वमान्य झालेली असून तिला वजनकाटा, एक पारदर्शक पेला व एक प्रश्न एवढेच साहित्य लागते.

चौथी परीक्षा स्पर्शाची. त्वचा चिमटीत धरून ती किती वेगाने पूर्ववत होते, हे आपण सर्व जण पाहतो. अतिसार झालेल्या बालकांत ही खूण मोलाची आहे, परंतु प्रौढ खेळाडूत ती विश्वासार्ह नाही. त्याचप्रमाणे मुखशोष हा तोंडाने श्वास घेत धावणाऱ्यात पाणी पुरेसे असतानाही आढळतो. जिव्हापरीक्षा करताना हा भेद विसरू नये.

नाडीविषयी स्पष्ट बोलणे

आता नाडीकडे वळू. काही व्यवसायबंधू छातीठोकपणे सांगतात की, नाडीवर बोट ठेवले की उदकक्षय समजतो, यंत्रे कशाला? नाडीपरीक्षेविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. उदकक्षयात नाडी जलद होते, हे सत्यच आहे. वजनातील प्रत्येक टक्का घटीमागे व्यायामातील हृदयगती मिनिटास सुमारे तीन ते पाच ठोक्यांनी वाढते, असे आढळले आहे. परंतु नुकत्याच धावून आलेल्याची नाडी श्रमाने, उन्हाने, भयाने व उत्साहानेही जलदच असते. त्यातून पाण्याचा वाटा वेगळा काढणे बोटांच्या आवाक्यातले नाही. विश्रांतीनंतर आडवे असताना व उभे राहिल्यावर नाडी मोजून तीस वा अधिक ठोक्यांची वाढ आढळली, तर ती खूण निश्चितच उपयुक्त आहे. तथापि शर्यतीनंतर तिचाही अर्थ जपून लावावा. अंतिम रेषा ओलांडताच कोसळणाऱ्या कित्येक धावपटूंत मूळ कारण पाण्याची तूट हे नसून, पाय एकाएकी थांबल्याने रक्त पायांत साचणे हे असते. पाय उंच करून निजविल्यावर ते थोड्याच वेळात सावरतात.

दुसऱ्या टोकास यंत्रभक्तही आहेत. घामातील क्षार मोजणाऱ्या चिकटपट्ट्या, मनगटी घड्याळे, शरीरातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडून जलांश सांगणारे वजनकाटे आता बाजारात येत आहेत. यांतील काही साधनांचे भवितव्य उज्ज्वल असेल. परंतु विद्युत्प्रवाहावर आधारलेले मापन त्वचेचे तापमान, घाम व नुकतेच घेतलेले पेय यांमुळे चुकते, म्हणजे नेमके धावण्यानंतरच ते अविश्वसनीय ठरते. वैद्याने ना परंपरेच्या अभिमानाने आंधळे व्हावे, ना यंत्राच्या चकाकीने. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान यांबरोबर युक्तीलाही प्रमाण मानणारे आपले शास्त्र आहे. अनेक कारणांचा मेळ घालून निष्कर्ष काढणे म्हणजेच युक्ती, आणि वर सांगितलेली त्रिसूत्री हे युक्तिप्रमाणाचेच उदाहरण होय.

हा प्रश्न किती गंभीर आहे

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान कोसळून काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले, हे वृत्त अनेकांच्या स्मरणात असेल. प्रत्येक मृत्यूचे कारण केवळ उदकक्षय होते, असे आमचे म्हणणे नाही. उष्मा, अपुरा सराव, उपाशीपोटी प्रवास, रात्रीचे जागरण व हृदयाचे अज्ञात विकार असे अनेक घटक अशा प्रसंगी एकत्र येतात. आजच्या चाचणीत पुरुषांना १६०० व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर कमी झाले, तरी त्यामागील महिनोन्‌महिन्यांचा सराव उन्हाळ्यातही चालूच असतो आणि त्यावर कोणाचेही लक्ष नसते.

कुस्तीच्या आखाड्यांत तर वजनगट साधण्यासाठी जाणूनबुजून पाणी तोडण्याची प्रथा आहे. १९९७ साली अमेरिकेत अशा रीतीने वजन उतरविताना तीन महाविद्यालयीन मल्लांचा मृत्यू झाला. तेव्हापासून तेथे मल्लाचा किमान वजनगट ठरविताना मूत्राचे विशिष्ट गुरुत्व १.०२० पेक्षा अधिक असणार नाही, अशी अट घालण्यात आली. एका साध्या मूत्रपरीक्षेला नियमाचा दर्जा मिळाला, हे आपण लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी विनेश फोगट यांना वजन केवळ १०० ग्रॅम अधिक भरल्याने अंतिम सामन्याला मुकावे लागले व वजन उतरविण्याच्या रात्रभराच्या प्रयत्नानंतर निर्जलीकरणामुळे उपचार घ्यावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले.

दुष्काळी मुलखातील मुले मोठे पल्ले गाठू शकतात, यात शंका नाही. माण तालुक्यातील मोहीसारख्या गावातून आलेल्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉन गाजविली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावे स्थान मिळविले. आपल्या परिसरातील एखाद्या मुलीने असे स्वप्न पाहिले, तर ते आपल्या अज्ञानामुळे अर्ध्यावर तुटू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

औषधालयचालकांना विनंती

आमच्या औषधालयचालक बंधूंनाही दोन शब्द सांगणे अवश्य वाटते. जलसंजीवनीचा इतिहास भारताला अभिमानास्पद आहे. १९७१ च्या निर्वासित छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाने सहस्रावधी प्राण वाचविले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असावे. हे प्रमाण हीच त्याची शक्ती आहे. असे असताना कित्येक वर्षे अतिगोड, अल्पक्षार पेये 'ओआरएस' या नावाचा आधार घेऊन औषधालयांतून विकली गेली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरण्यास मनाई केली. कायदा आला म्हणून नव्हे, तर समोरचा ग्राहक आपल्यावर विश्वास ठेवून हात पुढे करतो म्हणून, पुडीवरील घटक वाचूनच ती द्यावी. एक पुडी किती पाण्यात घालावी, हेही तोंडी सांगावे. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळून पिणारे तरुण आम्ही पाहिले आहेत.

आपल्या कल्पांविषयीही प्रामाणिक असावे. मुस्ता, पर्पटक, उशीर, चंदन, उदीच्य व शुंठी यांचे षडंगपानीय तृष्णाशमनासाठी उत्तम आहे, परंतु घामावाटे गेलेले लवण ते भरून काढू शकत नाही. मोसंबीचा रस आमच्या जिल्ह्याचे वैभव आहे, पण त्यातही सोडियम अत्यल्प असते. याउलट सैंधवयुक्त लाजमंड, तांदळाची पेज, ज्वारीची आंबील, मीठ घातलेले ताक व लिंबाचे सरबत ही आपल्या घरातील पेये जल, लवण व काही प्रमाणात बल अशा तिन्ही गोष्टी देतात. सरावानंतर त्यांचा उपयोग अवश्य सुचवावा. मात्र "आमचे सरबत घ्या, उदकक्षय होणारच नाही" अशी जाहिरात कोणीही करू नये.

काय करता येईल

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रत्येक वैद्याने चिकित्सालयात शंभर ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखविणारा काटा, मूत्रवर्णपट्टी व विशिष्ट गुरुत्वाच्या पट्ट्या ठेवाव्यात. सरावास जाणाऱ्या मुलामुलींना एक साधी वही करावयास सांगावी. तीत पहाटेचे वजन, मूत्राचा वर्ण, तहान आणि धावण्यापूर्वीचे व नंतरचे वजन लिहावे. पंधरा दिवसांत त्यांना स्वतःचा घामाचा वेग समजेल व पाणी किती प्यावे, याचे उत्तर कोणाच्याही ठोकळेबाज सल्ल्याविना मिळेल. हेच त्यांचे स्वतःचे अंजलिप्रमाण होय. मुली वजनाची नोंद इतरांसमोर करण्यास संकोचतात. त्यांची वही त्यांच्यापाशीच राहावी आणि तिचा उपयोग कृश होण्यासाठी होऊ नये, याची काळजी घ्यावी.

भरतीच्या हंगामापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी वैद्य व औषधालयचालक यांनी मिळून सकाळच्या मैदानावर एक तासाचे शिबिर घ्यावे. एक काटा, एक पट्टी व जलसंजीवनीच्या पुड्या, एवढ्या साहित्यावर ते होऊ शकते. शिबिरात तीन गोष्टी निक्षून सांगाव्यात. तहान मारून धावू नये, तहान नसता पोटभर पाणी ढोसू नये आणि उन्हात धावणारा सोबती असंबद्ध बोलू लागला वा बेशुद्ध झाला, तर वाट न पाहता त्याला सावलीत नेऊन थंड पाण्याने भिजवीत, वारा घालीत रुग्णालयात न्यावे. अशा बेसावध रुग्णाच्या तोंडात पाणी, काढा वा गुटिका काहीही घालू नये. शर्यतीनंतर वजन वाढलेल्या व उलट्या होत असलेल्या रुग्णास आणखी पाणी पाजू नये वा सलाइन लावण्याची घाई करू नये. तेथे रक्तपरीक्षा अपरिहार्य आहे. अनुपद्रवी परीक्षेची मर्यादा जेथे संपते, तेथे रुग्णास पुढे पाठविणे यात वैद्याचा कमीपणा नाही.

काही बंधू म्हणतील, हे सारे आधुनिकांचे अनुकरण आहे. आमचे नम्र उत्तर असे की, मान, परिमाण व स्वप्रमाण या संकल्पना आपल्याच आहेत. त्या वापरण्यास तराजू कोणाच्या कारखान्यात बनला, हा प्रश्न गौण आहे. ज्या मुलाचा उल्लेख प्रारंभी केला, तो आजही धावतो. आता तो आमच्याकडे आला की हात पुढे करण्याआधी काट्यावर उभा राहतो. त्याचे वजन लिहून घेतल्यावरच आम्ही त्याची नाडी पाहतो. आपल्या सभासद बंधुभगिनींनीही आपापल्या चिकित्सालयात हाच क्रम ठेवावा, आणि वर्षभरातील आपले अनुभव, यशाचे तसेच चुकीचेही, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, अशी आग्रहाची विनंती करून हा लेख येथे पूर्ण करतो.